साखळी आतून ओढा : प्रोग्रामच्या पोटातला ब्रेकपॉइंट

आपल्या हॉस्टेलमध्ये डीबगिंगचे दोन पंथ आहेत. पहिला प्रिंटएफ पंथ. या पंथातली मंडळी प्रोग्राम अडला की दर चार ओळींनंतर ‘इथे आलो’, ‘इथे पण आलो’, ‘आता इथे कसा आलो’ असं छापत सुटतात. सबमिशनच्या आदल्या रात्री कुठल्याही रूममध्ये डोकावलंत तर स्क्रीनवर हेच दिसेल. दुसरा पंथ लाल ठिपकेवाल्यांचा. हे लोक आयडीईमध्ये ओळीच्या डावीकडे क्लिक करून लाल ठिपका ठेवतात, प्रोग्राम त्या ओळीवर थांबला की एकेक पाऊल पुढे टाकत व्हेरिएबल बघतात.

दोन्ही पंथ चांगलेच आहेत. पण तिसरा एक मार्ग आहे. तो आपल्या अभ्यासक्रमात कुठेतरी एका ओळीत येऊन जातो आणि व्हायवाला विचारला तर बहुतेकजण छताकडे बघतात. तो म्हणजे ब्रेकपॉइंट प्रोग्रामच्या कोडमध्येच लिहून ठेवणं. डीबगरने थांबवायचं नाही, प्रोग्रामनेच म्हणायचं, ‘थांबा, इथे काहीतरी गडबड आहे, येऊन बघा.’

(आधीच सांगतो, हा मराठी विभाग असल्यामुळे सगळ्या सूचना उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजीतच करा, नाहीतर कंपायलर रुसेल!)

सिग्नल आणि साखळी

आपण रोज विरार-डहाणू लोकलने ये-जा करणारी माणसं. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून पालघर-बोईसरच्या पोरांचं आयुष्य तिच्या वेळापत्रकावर चालतं. ही गाडी थांबवायचे दोन प्रकार आहेत. एक सिग्नल. तो बाहेर असतो, ठरलेल्या जागी असतो आणि डब्यात काय चाललंय हे त्याला कळत नाही. दुसरी साखळी. ती डब्याच्या आत असते. कोणाला चक्कर आली, कोणी दारातून पडलं, हे आतल्या माणसालाच दिसतं, म्हणून तो ओढतो.

लाल ठिपका हा सिग्नल आहे : ‘४२ व्या ओळीवर थांब.’ कोडमधला ब्रेकपॉइंट ही साखळी आहे : ‘बॅलन्स उणे झाला तर थांब, मग गाडी कुठेही असो.’ चूक कुठल्या ओळीवर होते हे ठाऊक असेल तर ठिपका पुरतो. चूक कशी दिसते एवढंच ठाऊक असेल, कधी आणि कुठून येते ते ठाऊक नसेल, तर साखळी लागते.

तुम्ही म्हणाल, ठिपक्यालाही अट घालता येते की! येते. पण सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंटला डीबगरमधून अट घातली की प्रत्येक फेरीला प्रोग्राम खरोखर थांबतो, डीबगर अट तपासतो, खोटी असेल तर पुन्हा सोडतो. दहा फेऱ्यांना चालेल. दहा लाख फेऱ्यांचा लूप असेल तर मेसमध्ये जेवून आलात तरी तो संपलेला नसेल. तीच अट कोडमध्ये ‘इफ’ने लिहिली तर ती साधी तुलना असते आणि प्रोग्राम जवळजवळ नेहमीच्याच वेगाने पळतो. शिवाय ठिपका तुमच्या मशीनवर राहतो. कोडमधला ब्रेकपॉइंट फाइलबरोबर पार्टनरच्या मशीनवर जातो आणि वर चार ओळी वाढल्या तरी जागा चुकत नाही.

आत नेमकं काय होतं?

याची सुरुवात मायक्रोप्रोसेसर लॅबमध्येच झालेली आहे. ८०८५ च्या किटवर प्रोग्राम लिहिताना शेवटी आपण आरएसटी ही सूचना टाकतो. कुठल्या नंबरची ते किटवर अवलंबून असतं आणि आपण ते जर्नलमधून उतरवतो. ती का टाकतो हे फारसं कोणी विचारत नाही. आरएसटी ही एका बाइटची सूचना. ती आली की प्रोसेसर परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवून एका ठरलेल्या पत्त्यावर उडी मारतो. आरएसटी ५ असेल तर ००२८ एच. किटच्या मॉनिटर प्रोग्रामने तिथून पुढे आपलं काम जोडून ठेवलेलं असतं : रजिस्टर जपून ठेवणं आणि ताबा तुमच्या कीबोर्डकडे देणं. म्हणजे प्रोग्रामने स्वतःहून थांबून ताबा डीबगरला दिला. तिसरा मार्ग तो हाच.

१९७८ मध्ये आलेल्या इंटेल ८०८६ मध्ये यासाठी खास सूचना आली : इंट ३. बाकीच्या इंट सूचना दोन बाइटच्या असतात, एक बाइट ‘इंट’साठी आणि दुसरा नंबरसाठी. इंट ३ ला मात्र एकाच बाइटचं वेगळं रूप दिलेलं आहे. तो बाइट हेक्सामध्ये सीसी, म्हणजे दशमानात २०४. हा लाड का? कारण मजेदार आहे. तुम्ही लाल ठिपका ठेवता तेव्हा डीबगर गुपचूप त्या सूचनेचा पहिला बाइट काढून जागी सीसी लिहितो. आता ती सूचनाच एका बाइटची असेल आणि आपण दोन बाइट लिहिले तर शेजारच्या सूचनेचं डोकं उडेल. दुसरीकडून उडी मारून कोणी त्या शेजारच्या सूचनेवर आलं तर प्रोग्राम भलतीकडेच जाईल. एका बाइटपेक्षा लहान सूचना नसते, म्हणून एका बाइटचा ब्रेकपॉइंट कुठेही मावतो.

इंट ३ चालली की प्रोसेसर अपवाद क्रमांक ३ उठवतो आणि ताबा ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो. लिनक्स त्या प्रोसेसला सिगट्रॅप नावाचा सिग्नल पाठवतं, त्याचा नंबर ५. प्रोसेसला डीबगर जोडलेला असेल तर सिग्नल आधी डीबगरच्या हातात पडतो, प्रोग्राम थांबतो आणि तुम्हाला प्रॉम्प्ट मिळतो. डीबगर नसेल तर? तर सिगट्रॅपचा मूळ परिणाम होतो : प्रोग्राम जागीच संपतो. हे वाक्य लक्षात ठेवा, लेखाचा अर्धा जीव याच वाक्यात आहे. विंडोजवरही असंच. तिथे अपवादाचा कोड असतो ८०००००० आणि शेवटी ३. डीबगर नसेल आणि तो अपवाद कोणी हाताळला नाही तर प्रोग्राम बंद.

जाता जाता एक गंमत. व्हिज्युअल स्टुडिओच्या डीबग बिल्डमध्ये किंमत न दिलेला इंट छापला आणि -८५८९९३४६० असा विचित्र आकडा आला, हे पाहिलंय ना? तो आकडा म्हणजे चार वेळा सीसी. रिकाम्या लोकल जागेत मायक्रोसॉफ्टचा कंपायलर मुद्दाम हा बाइट भरून ठेवतो. किंमत न दिलेलं व्हेरिएबल त्यामुळे लगेच ओळखू येतं आणि प्रोग्राम चुकून ती जागाच सूचना समजून चालवायला गेला तर ब्रेकपॉइंटवर आपटतो.

कुठल्या भाषेत काय लिहायचं?

सी, लिनक्सवर : सिग्नल डॉट एच घ्या आणि रेझ(सिगट्रॅप) लिहा. डीबगर रेझच्या पोटात थांबेल, तेव्हा जीडीबीमध्ये ‘अप’ देऊन आपल्या फंक्शनमध्ये या.

व्हिज्युअल सी++ : दोन अंडरस्कोर आणि डीबगब्रेक(). हा सरळ इंट ३ टाकतो.

क्लँग : दोन अंडरस्कोर, बिल्टिन, अंडरस्कोर, डीबगट्रॅप(). याच्या शेजारी बिल्टिन ट्रॅप नावाचा भाऊ आहे, त्याच्यापासून सावध. तो एक्स ८६ वर अवैध सूचना टाकतो आणि ‘यानंतर परत येणं नाही’ असं कंपायलरला सांगतो. म्हणजे बघून पुढे जाता येत नाही.

पायथन : नुसतं ब्रेकपॉइंट(). २०१८ मध्ये आलेल्या ३.७ पासून हे आहे, त्याआधी पीडीबी इम्पोर्ट करून सेट ट्रेस लिहावं लागायचं. पायथनब्रेकपॉइंट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ० केलं की कोडला हात न लावता सगळे ब्रेकपॉइंट गप्प बसतात.

जावास्क्रिप्ट : डीबगर, एवढाच शब्द. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडी असतील तर थांबतो, नसतील तर काहीच होत नाही.

सी शार्प : डीबगर.ब्रेक(). डीबगर जोडलाय का हे डीबगर.इजअटॅच्ड सांगतं.

सी++ ला हे अधिकृतपणे मिळायला फार वर्षं लागली. सी++२६ साठी डीबगिंग नावाचं हेडर स्वीकारलं गेलं. त्यात तीन फंक्शन्स आहेत : ब्रेकपॉइंट, ब्रेकपॉइंट इफ डीबगिंग आणि इज डीबगर प्रेझेंट. मधलं नाव पुन्हा वाचा : ‘डीबगर असेल तरच थांब.’ भाषा ठरवणाऱ्यांनाही साखळीचा धोका माहीत आहे, हे त्या नावावरूनच कळतं.

कोणी विचारेल, असर्ट आहे की, मग हे कशाला? असर्ट फसला की अबॉर्ट होतो, गाडी तिथेच रद्द. ब्रेकपॉइंटवर थांबून, बघून ‘कंटिन्यू’ देऊन पुढच्या स्टेशनपर्यंत जाता येतं. चूक एकदा बघून समजत नाही, चार-पाच वेळा बघावी लागते, तिथे हा फरक मोठा ठरतो.

८५ अंशांचं भूत

आता एक खरा किस्सा. माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दोघांचा प्रोजेक्ट तारापूर एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटसाठी होता. गरम पाण्याची टाकी ६० अंशांच्या आसपास ठेवायची, त्यासाठी एक हीटर, एक फिरता पंप, एक बझर. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला ब्लू पिल बोर्ड, म्हणजे कॉर्टेक्स-एम ३ जातीचा प्रोसेसर, आणि डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर.

सगळं छान चालायचं आणि मध्येच रीडिंग यायचं : ५८, ५९, ८५, ५९. नेमकं ८५. एका फेरीसाठी तापमान सव्वीस अंश चढून पुन्हा उतरायचं! बझर बोंबलायचा, हीटर बंद पडायचा. दिवसातून दोन-तीनदा, कधीही.

दोघे प्रिंटएफ पंथाचे. त्यांनी दर फेरीला सिरीयल पोर्टवर साठेक अक्षरं छापायला सुरुवात केली आणि भूत गायब झालं. छपाई काढली की भूत हजर. यात जादू नाही. ९६०० बॉडला सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात, म्हणजे साठ अक्षरांना ६० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. तेवढ्याने प्रोग्रामच्या वेळेचं गणित बदलायचं आणि चूक जुळून येतच नव्हती. अट घातलेल्या लाल ठिपक्याचीही तीच रड, कारण दर वेळी प्रोसेसर क्षणभर थांबणार आणि वेळ पुन्हा हलणार.

मग कोडमध्ये साखळी घातली. रीडिंग नेमकं ८५ असेल आणि मागच्यापेक्षा १० अंशांहून जास्त फरक असेल तर बीकेपीटी ही सूचना चालवायची. आर्म कॉर्टेक्स-एममध्ये इंट ३ च्या जागी ही असते. एसटी-लिंक जोडून बोर्ड टेबलावर चालू ठेवला. संध्याकाळी एकदा थांबला, रात्री जेवणानंतर एकदा, पहाटे एकदा. तिन्ही वेळा व्हेरिएबल बघितले. तिन्ही वेळा एकच चित्र : सेन्सरला ‘मोज’ सांगितल्यानंतर आणि उत्तर वाचण्याआधी पंपाचा रिले ओढला गेला होता.

इथून पुढे डेटाशीट. डीएस१८बी२० ला बारा बिटचं मोजमाप करायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. आणि वीज जाऊन परत आली की त्याच्या मेमरीत मूळ किंमत असते ती ८५ अंश. म्हणजे ते तापमान नव्हतंच. ‘मी आत्ताच उठलोय, अजून मोजलेलं नाही’ असा तो निरोप होता. रिलेची कॉइल खेचली जाताना सेन्सरचा पुरवठा क्षणभर पडत होता. ऑसिलोस्कोपवर तो खड्डा स्वच्छ दिसला. रिलेला वेगळा पुरवठा दिला, सेन्सरजवळ कपॅसिटर लावला आणि ८५ ची अशी उडी दिसली तर पुन्हा मोजायचं, असं कोडमध्ये घातलं. भूत गेलं.

प्रोसेसर थांबतो, हीटर थांबत नाही

पण किस्सा इथे संपत नाही. टेबलावर चाचणी करताना आमच्या सरांनी एक गोष्ट सक्तीने करायला लावली होती. हीटर काढून जागी बल्ब. कारण साधं आहे. ब्रेकपॉइंटवर प्रोसेसर थांबतो, पण त्याच्या पिना शेवटच्या स्थितीत तशाच राहतात. हीटरची पिन चालू असताना थांबलात तर हीटर चालूच. तुम्ही निवांत व्हेरिएबल बघताय आणि तिकडे पाणी उकळतंय. लॅपटॉपवरच्या प्रोग्राममध्ये हा प्रश्न येत नाही. कारखान्यातल्या यंत्राला पहिला प्रश्न हाच.

दुसरी गोष्ट साइटवर जायच्या आदल्या दिवशी घडली. बीकेपीटी कोडमध्ये तशीच होती. ‘राहू दे ना सर, ८५ आता येतच नाही,’ असं दोघांपैकी एकाचं म्हणणं. सर काही बोलले नाहीत. एसटी-लिंकची वायर काढली, बोर्ड नुसत्या अडॅप्टरवर चालू केला आणि सेन्सर टर्मिनलच्या सुट्या वायरवर घेऊन, बरोबर मापनाच्या मधल्या क्षणी त्याचा पुरवठा काढून परत दिला. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला ८५ आलं. बोर्ड मेला. बल्ब मात्र चालूच राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. त्या बल्बच्या जागी हीटर आणि टाकीजवळ रात्रपाळीचा माणूस अशी कल्पना करा. पुढे कोणी वाद घातला नाही.

असं का झालं? कॉर्टेक्स-एममध्ये डीबगर नसताना बीकेपीटी आली तर प्रोसेसरला ती हाताळता येत नाही, आणि डीबग मॉनिटरही चालू नसेल तर तो हार्डफॉल्टमध्ये जातो. बहुतेक तयार स्टार्टअप फाइल्समध्ये हार्डफॉल्टचं उत्तर म्हणजे एक न संपणारा लूप. वॉचडॉग चालू नसेल तर बोर्ड त्या लूपमध्ये लाइट जाईपर्यंत फिरत राहतो. प्रत्येक चिपचं वागणं वेगळं, हेही ध्यानात ठेवा. एव्हीआर चिपवर डीबगिंग बंद असेल तर ब्रेक ही सूचना काहीच करत नाही, गुपचूप पुढे जाते. एका बोर्डावरचा अनुभव दुसऱ्यावर गृहीत धरू नका.

आपल्या शेजारी तारापूरला अणुवीज केंद्र आहे. तिथल्या ५४० मेगावॉटच्या तिसऱ्या आणि चौथ्या युनिटमध्ये अणुभट्टी बंद करणारे रॉड विद्युतचुंबकीय क्लचने वर धरलेले असतात. वीज गेली की क्लच सुटतो आणि रॉड स्वतःच्या वजनाने खाली पडतात. थांबवणारी गोष्ट बिघडली तरी थांबणंच घडतं, अशी ती रचना. आपला पाण्याच्या टाकीचा कंट्रोलर काही अणुभट्टी नाही, पण नियम तोच : थांबलात तर सुरक्षित बाजूला थांबा.

चार नियम

एक. सूचना उघडी लिहू नका, मॅक्रोमध्ये गुंडाळा. डीबग बिल्डमध्ये मॅक्रोचा अर्थ ब्रेकपॉइंट, रिलीज बिल्डमध्ये काहीच नाही. साइटवर जाते ती रिलीज बिल्ड.

दोन. थांबण्याआधी डीबगर आहे का विचारा. विंडोजवर इजडीबगरप्रेझेंट(). लिनक्सवर प्रोक-सेल्फ-स्टेटस फाइलमध्ये ट्रेसरपीआयडी शून्य नसेल तर कोणीतरी जोडलेलं आहे. कॉर्टेक्स-एम ३ वर डीएचसीएसआर रजिस्टरचा शून्याव्या क्रमांकाचा बिट बघा.

तीन. यंत्र जोडलेलं असेल तर आधी आउटपुट सुरक्षित करा, मग थांबा. आणि टेबलावर हीटरऐवजी बल्ब!

चार. फाइल देण्याआधी सगळ्या कोडमध्ये हे शब्द शोधा. ग्रेपला एक सेकंद लागतो.

विनाकारण साखळी ओढणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. कोडमधल्या साखळीला कायदा नाही, म्हणून नियम आपणच पाळायचे.

आज रात्रीच करून बघा

सीमध्ये १ ते १००० चा लूप लिहा, बेरीज करत जा आणि आय ७३७ झाला की रेझ(सिगट्रॅप). कंपाइल करताना उणे जी आणि उणे ओ शून्य द्या, नाहीतर डीबगर ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ म्हणून हात वर करील. जीडीबीमध्ये ‘रन’ द्या. थांबला की ‘बीटी’ने स्टॅक बघा, ‘अप’ देत आपल्या मेनमध्ये या, ‘प्रिंट आय’ करा, मग ‘कंटिन्यू’. प्रोग्राम निमूटपणे पूर्ण होईल.

आता तोच प्रोग्राम जीडीबीशिवाय चालवा. ‘ट्रेस/ब्रेकपॉइंट ट्रॅप’ असा निरोप येईल आणि बॅशमध्ये एक्झिट कोड विचारलात तर १३३ मिळेल : १२८ अधिक सिगट्रॅपचे ५. बेरीज अर्धवटच राहील. हे दोन्ही प्रयोग लागोपाठ करा, दहा मिनिटांचं काम आहे. अडलंच तर मेसच्या वेळेत मला गाठा, पण लॅपटॉप घेऊन या, नुसतं ‘चालत नाही’ असं सांगू नका!